उजवी बाही

गाडी शिकवणाऱ्या बाई भित्र्या माणसांना सरळ करण्यात पटाईत. समोर ट्रक बघून एखाद्याने स्टिअरिंग सोडून डोळे मिटले, तरी त्या शांतपणे आपल्या बाजूचा ब्रेक दाबत आणि म्हणत, "उघडा डोळे, अजून जिवंत आहोत आपण." त्याच बाई हल्ली स्वतःच्या दाराशी किल्ली धरून नुसत्या उभ्या राहत. आज आई ओरडेल का, याचा कानोसा घेत.

आईला स्मृतिभ्रंश होऊन बरीच वर्षं झाली होती. लेकीला ती कधी मावशी म्हणे, कधी "अहो बाई". त्याची सवय झाली होती. पण अलीकडे कपडे बदलायला घेतले की ती किंचाळायची, चावायला धावायची. "मारू नको गं मला!" हे भिंतीपलीकडे ऐकू जाई. एकदा शेजारच्या काकूंनी दार वाजवलं.

"सगळं ठीक आहे ना गं?" त्यांनी विचारलं, नजर मात्र आईच्या दंडावर.

बाई गार पडल्या. उद्या कुणी तक्रार केली तर? आईला घेऊन गेले तर?

डॉक्टर म्हणाले, आजार वाढतोय, झोपेचं औषध वाढवू. घरी येणाऱ्या नर्सला ते पटेना. तिने बाईंच्या मोबाईलमध्ये एक ॲप घालून दिलं.

"दुखतंय हे त्यांना सांगता येत नाही, ताई. यात चेहरा टिपायचा, मग प्रश्नांना हो-नाही करायचं. कण्हतात का, अंग आखडतात का. मग दुखणं किती, याचा आकडा येतो. बसल्या असताना एकदा आणि कपडे घालताना एकदा."

बाईंनी मोबाईल कपाटाला टेकवून ठेवला. खुर्चीत बसलेल्या आईचा आकडा खालीच राहिला. डावी बाही चढवली, तरी तेवढाच. उजवीत आईचा हात घालायला गेल्या आणि तिचा चेहरा पिळवटला. पडद्यावर लाल अक्षरं आली: तीव्र वेदना. दुसऱ्या दिवशीही तेच. बाई मोबाईल घेऊन डॉक्टरांकडे गेल्या.

या नोंदी बघून डॉक्टरांनी एक्स-रे काढला. खांद्याच्या हाडाला चीर गेली होती. आई कधी पडली, कुणालाच ठाऊक नव्हतं.

"म्हणजे मी रोज तोच हात ओढत होते," बाई म्हणाल्या.

हात झोळीत बांधला, दुखणं कमी करायचं औषध सुरू झालं, झोपेचं बंद केलं. किंकाळ्या थांबल्या. काकू येऊन आईजवळ बसू लागल्या. बाईंचा मात्र आता शांततेवरही विश्वास उरला नाही. आई गप्प दिसली की त्या मोबाईल पुढे करतात.

"फोटो कशाला? लग्न ठरवतेस की काय माझं?" एका दुपारी आई म्हणाली आणि खुदकन हसली. बाईही हसल्या. आकडा मात्र कालच्यापेक्षा चढलेला होता. हात जागच्या जागी, अंगात ताप नाही. मग दुखतंय कुठे?

त्यांनी नर्सला फोन लावला आणि रिंग वाजत असताना आईच्या पायाला हळूच, भीत भीत, बोट लावून पाहिलं.