कोणीच गेलं नाही ते वर्ष

समजा, तुम्हाला एका बेटावरचे पक्षी मोजायचे आहेत, आणि ते जमिनीत बिळं करून राहतात. तुम्ही बिळात खांद्यापर्यंत हात घालता, सापडेल त्याच्या पायात कडं अडकवून सोडून देता. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा हात घालता. कड्याचा पक्षी सापडला तर तो जिवंत. नाही सापडला तर? मेला असेल, नाहीतर समुद्रावर गेला असेल.

दूर दक्षिणेकडच्या ब्लफ बंदरातली हूरिया याचाच हिशेब लावत बसलेली असे. बेट तिच्या घराण्याचं. दर शरदात घरची माणसं तिथे तीतीची, म्हणजे याच बिळातल्या पक्ष्यांची, पिल्लं खाण्यासाठी धरायला जात. कडी घालायला सुरुवात केली तिच्या वडिलांनी, तामेंनी. हूरिया संख्याशास्त्र शिकून आली आणि दरवर्षी किती पक्षी जगतात ते काढू लागली. यंदा आकडे भलतेच आले. एका वर्षी एकही पक्षी मेला नव्हता आणि पुढच्याच वर्षी पाचातला एक गेला होता. हे खरं असेल तर शरदातलं जाणं बंद.

"ठेवा बंद," पेरेमावशी शिंपले सोलत म्हणाली. "पक्षी वाढतील. तोवर मी वर जाऊन तुमची वाट बघते."

"असं नको ना बोलू, मावशी."

"मग कसं बोलू? एकही मेला नाही म्हणे. कुठलं ग हे भाग्याचं वर्ष?"

हूरियाने वहीतलं साल बघितलं. वडील गेले ते वर्ष. दुखवट्यात कोणी बेटावर पाय ठेवला नव्हता. तिने मात्र प्रत्येक पक्ष्यापुढे 'दिसला नाही' असंच भरलं होतं. न बघितलेलं कॉम्प्युटरला न सापडलेलं वाटलं; पुढच्या उन्हाळ्यात पुष्कळ सापडले म्हणून त्याने आधी कोणी मेलंच नाही असं धरलं, आणि दोन वर्षांतले मृत्यू पुढच्या एकाच वर्षाच्या माथी मारले.

त्या वर्षी शोधच घेतला नव्हता, हे तिने कॉम्प्युटरला सांगितलं. दोन्ही वर्षांचं जगणं सारखं धरलं. वर्षाला दहातला एक मेला होता, नेहमीसारखाच.

"मावशी, जायचं."

"मग टोपल्या काढ. तामेची मी घेणार. तू मागू नकोस."

शेवटच्या उन्हाळ्याचा आकडा तेवढा सुटेना. पुन्हा जाऊन बघितल्याशिवाय मेलेले आणि हुकलेले वेगळे करता येत नाहीत. बेटावरच्या झोपडीमागच्या बिळातली मादी त्यातलीच. वडिलांनी पहिलं कडं तिला घातलं होतं, आणि हूरियाने बिळात हात घातला की ती दर वेळी बोट चावायची. गेल्या उन्हाळ्यात हाताला नुसती सुकी पानं लागली.

ती गेली, की त्या दिवशी फक्त घरी नव्हती?