उजवीकडची नथ

दुपारचं जेवण अंगावर आलंय. गोदाक्का पलंगावर आडवी होते. स्वयंपाकघरात सून सुवर्णा भांडी लावतेय, तो आवाज आधी जवळ असतो, मग हळूहळू गावाबाहेर गेल्यासारखा होतो. झोप डोळ्यांच्या कडेपर्यंत येते आणि तिथेच अडून बसते, कारण सकाळी सुवर्णाच्या मोबाइलवर पाहिलेलं पोस्टर डोळ्यांसमोरून काही हलत नाही.

उद्या सिनेमातल्या हेमांगिनीबाईंची जन्मशताब्दी. बाईंना जवळून पाहिलेली आता एकटी गोदाक्का उरली, म्हणून कार्यक्रमात दोन शब्द तिनेच बोलायचे. पोस्टरवर बाईंचा तो गाजलेला शॉट आहे. दारात उभी बाई, चेहरा अंधारात, चमकते ती फक्त नथ.

ती बाई हेमांगिनी नव्हेच. ती गोदाक्का आहे.

तिचं कामच ते होतं. कॅमेरामन दिवे जमवायचा, तोवर बाईंच्या जागी, बाईंसारखंच लुगडं नेसून, चापाची नथ लावून खडूच्या खुणेवर उभं राहायचं. उजेड जमला की हाक यायची, ‘बाईंना बोलवा’, आणि गोदाक्का बाजूला. त्या दिवशी बाईंना ताप भरला आणि कॅमेरामनने समोर होती तिच्यावरच कॅमेरा फिरवला. आता हे सांगावं तर लोक म्हणतील म्हातारीला चळ लागला. न सांगावं तर सरणापर्यंत उरावर न्यायचं. दोन्हीचा तिला शीण आलाय.

भांडी थांबतात. स्वयंपाकघराच्या दारातून स्टुडिओतला पिवळा उजेड येतो. ओट्याच्या जागी लाकडी फळ्या आहेत. बाईंची वेताची खुर्ची रिकामी आहे आणि बाई खुणेवर उभ्या आहेत.

“बाई, खुर्ची हाय की. बसा.”

“बसू देतंय कोण?” पडद्यावर तुपात घोळून बोलणारी बाई मेल्यावर अस्सल कोल्हापुरी बोलते, तिकडं बायकाही पुरुषांसारखं ‘आलो-गेलो’ म्हणतात तसं. “तू गेल्यापासनं उभारलोय मी हितं.”

फळ्यांवर आता लाल गालिचा आहे. समोर लोक टाळ्या वाजवतात, कुणी बाईंच्या हातात बाहुली ठेवतं, पुरस्काराची. पायाखाली खूण तीच.

“हे घेताना सांगायचं अगदी ओठावर आलं हुतं,” बाई म्हणतात. “टाळ्या झाल्या, आन् गिळलं. राग आला न्हाई तुला?”

“आला हुता. बक्कळ आला हुता.”

“येणारच. नायिका झालो, वहिनी झालो, आई झालो, शेवटाला नायकाची आजी. मर मर काम केलं. त्यातलं कुणाला काय आठवत न्हाई. जो तो त्या दारातल्या बाईला हार घालतोय. दुसऱ्याच्या जागी उभारून पाय गेलं गं माझं.”

गालिचा संपतो, गोदाक्काच्या मोरीची फरशी सुरू होते. नळ ठिबकतोय. बाई तिच्या अगदी जवळ येतात. अंगाला रंगभूषेचा तोच गोडसर वास.

“चाप लावून लावून डावी नाकपुडी सोलली हुती तुझी त्या दिवशी,” बाई म्हणतात. “म्हणून उजवीकडं लावलीस. येडे, नथ कुठं उजवीकडं असती व्हय? इतक्या वर्सांत कुणाचं ध्यान न्हाई. मला मात्र रोज दिसतंय.”

त्या नथ काढतात आणि गोदाक्काच्या उजव्या नाकपुडीला चाप दाबून बसवतात. डोळ्यांत पाणी येतं.

“ये आता खुणेवर. मी बसतो.”

गोदाक्का खुणेवर उभी राहते. मागे खुर्ची करकरते. बाई चपला काढतात आणि पाय पसरून लांब सुस्कारा टाकतात. मग समोरचा दिवा लागतो.

तो दिवा म्हणजे खिडकीतलं उतरतीचं ऊन. सुवर्णा चहा घेऊन उभी आहे.

“आई, नाकाला काय चावलं? लाल झालंय बघा.”

गोदाक्का हात लावते. उजव्या नाकपुडीवर चिमटा काढल्यासारखा वळ आहे, बोट लावलं की झोंबतंय.

“उद्याचं पोस्टर तुझ्या मोबाइलवर आलंय न्हवं? बघ, नथ कुठल्या बाजूला हाय.”

सुवर्णा चित्र मोठं करून बघते. “उजव्या नाकपुडीला. पण आई, नथ तर...” ती एकदा पोस्टरकडे बघते, एकदा सासूच्या नाकाकडे.

“चहा दे,” गोदाक्का म्हणते. “आन् माझं हिरवं लुगडं काढून ठेव. उद्या बोलायचं हाय मला.”