जुन्या गावावरचा ड्रोन

आमच्या आण्णांना मोबाईल कितीदा घेऊन दिला असेल! घेतात, टॉवेलात गुंडाळतात आणि ट्रंकेत ठेवून देतात. भिजायला नको म्हणे. मी सासरहून, नळदुर्गहून फोन लावायचा, ट्रंकेत घंटी वाजायची आणि आई चुलीपासनं ओरडायची, अहो, वाजतंय ते. माझं डोकंच फिरायचं. मोबाईल काय ठेवणीतला दागिना आहे का, म्हणून मी भांडायचे. ते नुसते हसायचे. त्यामुळं त्या दिवशी ते जुन्या गावाला गेले तेव्हाही मोबाईल ट्रंकेतच होता.

आमचं गाव सास्तूरकडचं. भूकंपात ते होत्याचं नव्हतं झालं आणि मग माळावर नवं गाव बांधून मिळालं, एकसारख्या घरांचं, सरळ रस्त्यांचं. जुनं गाव खाली ओढ्यापलीकडं तसंच पडून आहे. दगडांचे ढीग आणि त्यावर माजलेल्या बाभळी. भूकंपाची तारीख आली की आण्णा तिथं जातात. आमचं घर होतं त्या ढिगावर दिवा लावतात, भाकरी ठेवतात, घटकाभर बसतात आणि परत येतात. हे सगळं थोरलीसाठी.

थोरली म्हणजे माझी बहीण. मी तिला पाहिलेलं नाही. धाब्याचं घर तिच्यावर बसलं तेव्हा ती नुकती शाळेत जायला लागली होती. आईचं मुलं बंद करायचं ऑपरेशन आधीच झालेलं. भूकंपानंतर आमच्याकडच्या कितीतरी बायांनी ते उलटं करून घेतलं, तसं आईनंही घेतलं, आणि मग मी झाले. ती राहिली असती तर मी नसते, हे शेजारणींनी मला लहानपणीच सांगून टाकलं होतं, तेही अगदी कौतुकानं. तोंडावर हसायचं आणि आत जळायचं, दुसरं काय करणार! तिचा राग करावा तर ती मेलेली, आणि आण्णांचा करावा तर त्यांच्याकडं बघवत नाही.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी आमच्याकडं जो पाऊस झाला तो सांगून कुणाला खरा वाटायचा नाही. सोयाबीन शेतातच कुजलं. ज्या मुलखात टँकरची वाट बघत आमचं निम्मं आयुष्य गेलं, तिथं लोक पत्र्यावर चढून बसले होते. आणि नेमकी त्यातच ती तारीख आली. मी आदल्या दिवशीच माहेरी आले होते. सकाळी आण्णा निघाले तेव्हा आईनं अडवलं, मी अडवलं. दरवर्षी जातोय, आज कसा चुकवू, एवढंच बोलले. डोक्यावर पोत्याची खोळ घेतली आणि गेले. ओढ्याला तेव्हा गुडघाभरच पाणी होतं.

दुपार व्हायच्या आत तेरणा नदीचं पाणी मागं ओढ्यात शिरलं आणि जुन्या गावाचं बेट झालं. आम्ही सगळे काठावर जाऊन उभे. पलीकडं बाभळींच्या शेंड्यांशिवाय काही दिसेना. मला आईकडं बघायची हिंमत होत नव्हती. कुणी तालुक्याला फोन केले, कुणी आणखी कुणाला. सुदैवानं बचाव पथक जवळच्याच गावात आलेलं होतं. ट्रकवर रबरी बोट आणि एका पेटीत ड्रोन.

लग्नातला ड्रोन मी पाहिला होता. नवरा-नवरीच्या डोक्यावर भुणभुण करत फिरणारा. ते थेर बघून नाक मुरडणाऱ्या मला त्या दिवशी त्या पेटीला हात जोडावेसे वाटले. ड्रोनवाला सरळ माणूस होता. त्यानं ड्रोन सोडला आणि आम्हाला जवळ बोलावून हातातला पडदा दाखवला. आधी नुसतं गढूळ पाणी. मग बाभळी. मग ढिगावर बसलेली एक खोळ. आण्णा! मी तिथंच रडायला लागले. जिवंत आहेत, आई, बघ, हलतायत. आईनं पदरानं तो पडदा पुसला. पडद्यावर पावसाचे थेंब पडत होते.

ड्रोनवाल्यानं नीट समजावून सांगितलं. आण्णा बसलेत तिथं बोट नेता येणार नाही. पाण्याखाली पडक्या भिंती, वर बाभळीचे काटे, रबर फाटलं तर बोटीतली माणसंही जायची. पण जुन्या गढीचं टेकाड उंच आहे आणि त्या बाजूला पाण्याला ओढ नाही. आण्णांनी गढीवर यायचं, म्हणजे तिथनं बोटीत घेता येईल. वाट अजून मांडीभर पाण्यात आहे, पण उशीर झाला तर तीही जाईल. ड्रोनला भोंगा होता. आपलं बोलणं त्यांना ऐकू जाईल, त्यांचं मात्र आपल्याला येणार नाही, असं तो म्हणाला.

आधी तोच बोलला. बाबा, गढीवर जा, बोट येतेय. आण्णांनी मान वर केली आणि कावळा हाकलावा तसा हात केला. पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. खोळ आणखी पुढं ओढून ते बसून राहिले. पाणी ढिगाच्या पायथ्याला लागलेलं स्पष्ट दिसत होतं. मग ड्रोनवाला मला म्हणाला, ताई, तुम्ही बोला, घरच्या माणसाचा आवाज ओळखतील.

मी म्हटलं, "आण्णा, मी बोलतेय. उठा. वर या."

आण्णा ताडकन उठले. मला वाटलं, झालं, ऐकलं. पण त्यांनी वर पाहिलंच नाही. ते खाली वाकले, ढिगाला कान लावला आणि दोन्ही हातांनी दगड उपसायला लागले.

आम्हाला कुणालाच काही कळेना. मी आणखी जोरात हाका मारल्या, तसे ते आणखी घाईनं दगड बाजूला टाकायला लागले. तोंड हलत होतं. काय बोलत होते देव जाणे, पडद्यावर सगळं मुकं. तेवढ्यात आईनं माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली. "गप," ती म्हणाली, "त्यांना थोरली वाटली."

माझा आवाज थोरलीसारखा आहे असं आई एकदाच बोलून गेली होती आणि नंतर तिनं तो विषय कधी काढला नाही. काठावर उभ्या उभ्या तिनं मला तुटक तुटक सांगितलं. भूकंपाच्या सकाळी ढिगाखालनं थोरली हाका मारत होती. ना जेसीबी, ना पहार, सगळं गावच गाडलेलं. कोण कुणाला मदत करणार? आण्णा हातांनी दगड काढत राहिले. हाका थांबल्या तरी काढत राहिले. माणसांनी उचलून बाजूला केलं तेव्हा त्यांच्या बोटांना नखं राहिली नव्हती. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

मी हाका थांबवल्या होत्या, तरी पडद्यावर आण्णा वेड्यासारखे उपसत होते. पाणी त्यांच्या पायांवरून जायला लागलं होतं. ड्रोनवाला म्हणाला, ताई, वाट बुडत चाललीय. मी आईकडं पाहिलं. तिनं डोळे मिटून घेतले आणि म्हणाली, "मी ढिगातनं निघाले म्हण. गढीवर हाय म्हण. आन् आण्णा नको म्हणू, ती दादा म्हणायची."

आयुष्यभर जिच्या जागी जन्मले म्हणून ऐकून घेतलं, तिच्याच तोंडानं बोलायचं, आणि तेही खोटं, स्वतःच्या बापाशी. पण पाणी कुठं थांबणार होतं? मी म्हटलं, "दादा, म्या निघाले. दगड काढू नका. म्या गढीवर हाय, लवकर या."

आण्णांचे हात थांबले. ते सरळ झाले. खोळ कधीच वाहून गेली होती, पांढरं डोकं पावसात उघडं. त्यांनी गढीकडं पाहिलं आणि चालायला लागले. पाण्यातनं, पडक्या भिंती चाचपत, एकदा पडले, उठले. मी बोलत राहिले. दादा, इकडं. दादा, सांभाळून. ड्रोनवाला माझ्या आवाजासकट ड्रोन त्यांच्या पुढं पुढं नेत होता, आणि काठावरचे म्हातारे लोक, ज्यांच्या घरची माणसंही तिथंच गेली होती, तोंड फिरवून उभे होते. आण्णा गढीवर चढले तेव्हा माझा आवाज पार बसला होता.

बोट त्यांना घेऊन आली. ओठ निळे पडलेले, बोटं रक्ताळलेली. आई त्यांचं अंग पुसायला लागली. आण्णा माझ्याकडं बघत होते, मग माझ्या मागं, मग बोटीत. मग आईला म्हणाले, "गढीवर न्हवती ती. कुठं गेली?"

आईनं मला हाताला धरून पुढं केलं. ही काय, असं काहीतरी म्हणाली.

आण्णांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "ही तर हायच की," ते म्हणाले. "थोरली कुठाय?"

आण्णा वाचले. पथकाचे, त्या ड्रोनचे उपकार फिटायचे नाहीत, हे मी कुणालाही सांगेन. ते जेवतात, झोपतात, आईशी पूर्वीसारखेच बोलतात. फक्त जुन्या गावाला जायचं म्हणत नाहीत. कशाला जातील? तिथनं ती निघाली ना. मीच सांगितलं तसं. आता संध्याकाळ झाली की नव्या घराच्या दारात बसतात आणि आईला एक भाकर जास्तीची टाकायला लावतात. मी नळदुर्गहून गेले की त्यांना आनंद होतो, उठून माझ्या हातातली पिशवी घेतात, आणि मी आत गेले तरी दार लोटत नाहीत.