ओके दिसलं तर

माझ्या थोरल्या मामांना विद्यार्थी पाठीमागे ‘दहावीस मास्तर’ म्हणायचे. टायपिंग क्लासच्या मागच्या खोलीत ते बेसिक शिकवत. बेसिक म्हणजे संगणकाची जुनी, सोपी भाषा. तिच्यात प्रत्येक ओळीच्या आधी आकडा द्यावा लागतो. मामा दहा, वीस, तीस असेच आकडे द्यायला लावायचे. “मध्ये जागा ठेवा. माणसाला अक्कल नंतरच सुचते.” आणि टेबलावर पट्टी आपटून म्हणायचे, “नुसता आकडा टाकून एंटर दाबलंत तर ती ओळ पुसली जाते. यंत्र विचारणार नाही, सांगणारही नाही.” मी त्यांची भाची असूनही दोनदा ती पट्टी हातावर खाल्ली आहे.

भाषा बदलल्या, क्लास बंद पडला, मामा मात्र बेसिकला चिकटून राहिले. मुलाने नवा लॅपटॉप पाठवला, तर त्यावर जुन्या संगणकाचं सोंग आणणारा एक प्रोग्राम चढवून आत पुन्हा बेसिकच. काळा पडदा, पांढरी अक्षरं. “शर्यतीच्या घोड्याला नांगराला जुंपलंय ह्यांनी,” मामी म्हणायची.

मग मामांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. गळ्याला भोक, भोकात नळी आणि श्वास त्या नळीतून. नळीत कफ साचला की आतली नळी फिरवून बाहेर काढायची आणि धुवायची, नाहीतर माणूस गुदमरतो. मामांचे हात थरथरत, त्यामुळे हे काम मामीचं. नर्सने मलाही दाखवलं होतं, पण मी अर्धे डोळे मिटून पाहिलं. मी मुळातच भित्री. दाराची घंटी वाजली तरी काळजात धस्स होतं, आणि मला मदतीला बोलावलं होतं!

आवाज गेला तरी मामा गप्प बसणारे नव्हते. त्यांनी पलंगावर बसून प्रोग्राम लिहिला आणि स्पीकर लांब वायरने स्वयंपाकघरात नेला. दहा दाबलं की बारीक सूर, म्हणजे पाणी. वीस म्हणजे उशी सरकवा. तीस म्हणजे मामीला पाठवा, आणि हे तीस दिवसभर चालायचं. चाळीसला घर डोक्यावर घेणारा भोंगा. चाळीस म्हणजे नळी तुंबली. ज्या आकड्याची मागणी, त्याच आकड्याची ओळ, म्हणजे लक्षात ठेवायची कटकट नको. तो भोंगा कधी वाजेल या धास्तीने माझा जीव कायम टांगणीला. भाजी चिरतानाही मी स्पीकरकडे पाठ करत नसे.

त्या दिवशी सकाळी मामीने ओल्या फडक्याने लॅपटॉप लख्ख पुसला आणि पिशवी घेऊन औषधं आणायला निघाली. जाताना दारातून मला म्हणाली, “मशीन पुसून ठेवलंय गं. स्वतःच ओके म्हणालं बघ, शहाणं आहे.”

मी कपडे पिळत होते. स्पीकर गप्प होता. आधी बरं वाटलं, मामांचा डोळा लागला असेल. मग वाटलं, एवढा वेळ तीससुद्धा नाही? भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं स्वतःला बजावलं आणि पुढचा कपडा उचलला. पिळवेना. हात पुसून खोलीकडे गेले.

मामांचा चेहरा शिसवी झाला होता. डोळे बाहेर आले होते. गळ्यातून शिट्टीसारखा बारीक आवाज येत होता, आणि उजव्या हाताचं बोट कळा दाबतच होतं. चार, शून्य, एंटर. चार, शून्य, एंटर.

मी “मामी!” असं ओरडले, मग आठवलं की मामी घरात नाही. शेजारी हाक मारायला जावं तर तेवढ्यात सगळं संपेल. मी त्यांच्या गळ्याशी हात नेला. बोटं ओली, घसरत होती. नळी कुठल्या बाजूला फिरवायची तेच आठवेना. एका बाजूला फिरवली, हलली नाही. मामांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की नखं रुतली. मी दुसऱ्या बाजूला फिरवली आणि ओढली. नळी हातात आली, तिच्या तोंडाशी सुकलेल्या कफाचा बोळा होता. मामांच्या छातीत हवा शिरल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. मी खाली फरशीवरच बसले.

नळी धुऊन परत घातल्यावर माझी नजर पडद्याकडे गेली. वर ‘ओके’ होतं. बेसिकमध्ये ओके म्हणजे सगळं छान नव्हे. ओके म्हणजे चालू असलेला प्रोग्राम थांबलाय. पुसताना मामीचा हात थांबवायच्या कळेवर पडला होता. ओकेच्या खाली चाळीस, त्याखाली चाळीस, पडदाभर चाळीसच. पहिल्याच चाळीसने भोंग्याची ओळ पुसून टाकली होती. ज्यांनी हे उभ्या जन्मात शेकडो पोरांना पट्टी आपटून शिकवलं, ते पुसलेल्या ओळीलाच हाका मारत होते. हाताशी स्टीलचा पेला होता. तो फेकायचंही सुचलं नव्हतं. मामांनाही इतकी भीती वाटू शकते हे मला त्या दिवशी कळलं, आणि माझी भीती दुप्पट झाली.

मामीचा मला भयंकर राग आला होता. ती आली की काय काय बोलायचं ते मी मनात जुळवत होते. मामांनी ते ओळखलं असावं. त्यांनी मान हलवली, नको. मग पडदा पुसून टाकला, चाळीस आकड्याची ओळ पुन्हा लिहिली, भोंगा वाजवून पाहिला आणि एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून तो मला लॅपटॉपवर चिकटवायला लावला: ‘ओके दिसलं तर मला हाक मारा.’

मामी आली. पिशवी खाली ठेवता ठेवता तिने कागद वाचला. मग मामांच्या गळ्याशी लागलेलं रक्त पाहिलं, माझ्या मनगटावरचे वळ पाहिले. ती पलंगाच्या कडेवर बसली. बराच वेळ मामांचा हात धरून होती. मामा तिच्याकडे बघून हसत होते, आवाजाशिवाय.

स्वयंपाकघरात ती माझ्या मागोमाग आली आणि हळू आवाजात विचारलं, “किती वेळा दाबलं गं त्यांनी?”

“एकदाच,” मी म्हणाले.