रूपनारायणच्या पलीकडची एकादशी

त्या हिवाळ्यात माझ्या पत्नीला, सुमनला, विषमज्वर झाला. ताप उतरायला महिना गेला आणि उतरल्यावरही ती नुसती उठून बसली तरी दमत होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, पोट रिकामं ठेवायचं नाही. ताप उलटला तर या शरीराला तो सोसणार नाही. सुमन मात्र लग्नाआधीपासून एकादशी करत आलेली, तीही नुसत्या पाण्यावर. आजारातली पहिली एकादशी आली तेव्हा तिने पेजेची वाटी बाजूला सारली. मी रागावलो, विनवण्या केल्या, उपयोग झाला नाही. शेवटी म्हणालो, "तुझी एकादशी मी करतो. तू जेव."

ती माझ्याकडे पाहत राहिली. "नुसत्या पाण्यावर?"

"नुसत्या पाण्यावर."

मग तिने वाटी जवळ ओढली. खरं सांगायचं तर माझा त्या उपासावर विश्वास नव्हता. माझा विश्वास पेजेवर होता.

कलकत्त्यातल्या आम्हा काही मराठी मंडळींची सायकलवाल्यांची टोळी होती. दर थंडीत लांबची एक सफर व्हायची. म्होरके अण्णा, कलकत्त्याच्याच बागबाजारात जन्मलेले शाळामास्तर. त्यांच्या मराठीला बंगालीचा हेल होता आणि रागावले की ते पूर्ण बंगालीत जात. त्या वर्षी पुरी ठरली. सुमनची धाकटी बहीण सोबतीला आली होती, म्हणून सुमननेच मला जा म्हटलं. जगन्नाथाला तिचा नमस्कार पोचवायचा होता. आम्ही बहुतेक सरकारी नोकर, दिवस ठरवला तो रजा पाहून. पंचांग कुणीच उघडलं नाही. ते निघायच्या आदल्या संध्याकाळी सुमनने उघडलं. "उद्या एकादशी आहे," ती म्हणाली. "मग मी जेवू ना?" मी जेव म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

पहाटेच्या धुक्यात हावड्याचा पूल ओलांडून आम्ही मुंबई रस्त्याला लागलो. पहिला मुक्काम खरगपूर. आमच्या टोळीचा नियम असा की सगळ्यांत मंद गडी पुढे चालायचा आणि बाकीच्यांनी त्याच्या वेगाने मागून यायचं. अण्णा सर्वांत शेवटी. उलुबेडियापर्यंत मी मधे होतो. कोलाघाटला पोचेपर्यंत मला सर्वांत पुढे आणलं गेलं होतं. तिथे सगळ्यांनी कचुरी आणि बटाट्याची भाजी खाल्ली. माझ्या ऑफिसातला नंदू केळ्यांचा घड घेऊन आला.

"अरे, केळं खा. केळं काय धान्य आहे?"

"नको."

"वहिनी काय दुर्बीण लावून बसल्यात का कलकत्त्यात?"

सगळे हसले, मीही हसलो. पण सुमनला दुर्बीण लागत नाही. घरात पाऊल टाकल्याबरोबर तिला माझ्या चेहऱ्यावरून कळलं असतं आणि पुढच्या एकादशीला पेजेची वाटी पुन्हा बाजूला सरली असती. त्या केळ्यात मला तेवढंच दिसत होतं.

रूपनारायण नदी मागे पडली. पुढे दोन्ही बाजूंना कापलेली भातशेतं, मधे पुकुर, म्हणजे घराघरापुढची तळी. पुढे असल्यामुळे मला सोबती दिसत नव्हते. मागून घंट्या तेवढ्या ऐकू येत होत्या. हळूहळू त्या लांबून आल्यासारख्या वाटू लागल्या. हात गार पडले. समोरचा रस्ता पांढरा झाला. त्यानंतर मला आठवतं ते एका तळ्याच्या काठचं ओलं गवत आणि अण्णांचा बंगालीतला आरडाओरडा.

"खा, नाहीतर इथून पुढे एक चाक फिरणार नाही!" त्यांनी माझ्या ओठांशी गूळ धरला. मी तोंड मिटून घेतलं. नंदूची थट्टा बंद झाली होती. तो म्हणाला, "असा हट्ट करू नकोस रे. तुला काही झालं तर वहिनींना आम्ही काय सांगायचं?" त्याचंही खरं होतं. खाल्लं तरी सुमनचा जीव धोक्यात, न खाल्लं तरी तिच्यावरच संकट. माझ्या बुद्धीला पुढे वाट नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा मी मनात म्हणालो, आता तूच बघ. कुणाला म्हणालो, ते तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

तळ्यापलीकडच्या घरातून एक म्हातारी आली. बिनकाठाचं पांढरं लुगडं, केस बारीक कापलेले, बंगाली विधवा. तिने अण्णांना बाजूला केलं आणि मला विचारलं, "उपास कुणासाठी, बाबा?"

मोडक्या बंगालीत मी सगळं सांगितलं. ती खुदकन हसली. "म्हणजे बायको तिकडे भात खाते आणि नवरा इथे माझ्या पुकुरात पडतो! बरा संसार आहे." मग माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, "आज माझीही एकादशी. आम्हा विधवांना पाणीसुद्धा चालत नाही. तुझी मला दे. एक धरली आहे, त्यात दुसरीचं ओझं काय?"

ती घरात गेली आणि लाल कापडाची चिमुकली पुरचुंडी घेऊन आली. आत वाळलेल्या भाताची शितं होती. जगन्नाथाचा महाप्रसाद, त्या भागात घरोघरी तो असा वाळवून ठेवतात. "तू त्याच्याकडेच निघालास ना? त्याने आधीच पाठवलंय. याला एकादशी लागत नाही." अण्णांनी मान डोलावली, पुरीत एकादशीलाही महाप्रसाद खातात, हे त्यांना माहीत होतं. मी तोंड उघडलं.

नंतर तिने कढत दूध दिलं, मुरमुरे आणि खजुराचा गूळ दिला. आम्ही सगळे तिच्या अंगणात बसलो. आमच्यासाठी ती तांब्यामागून तांब्या पाणी आणत होती. स्वतःचे ओठ तिने ओले केले नाहीत. निघताना मी पाया पडलो. "सावकाश जा. आणि पुढेच राहा, म्हणजे हे धडधाकट लोक तुला सोडून जाणार नाहीत," ती म्हणाली.

उन्हं उतरताना आम्ही खरगपुरात पोचलो.

पुरीचं दर्शन झालं, नमस्कार पोचवला, परत आलो. सुमनला एकेक गोष्ट सांगितली, केळ्यांपासून. ती रागावली नाही. म्हणाली, "माझी एकादशी तुम्ही घेतलीत. तुमची त्या माउलीने घेतली. तिला नकोशी झाली, तर ती कुणाला देणार हो?"

नंतर त्या रस्त्याने एकदा बसने गेलो. रूपनारायणच्या पलीकडे तशी शेकडो तळी आहेत आणि प्रत्येक तळ्याकाठी तसंच घर आहे. तिचं कोणतं, ते ओळखता आलं नाही. सुमन पूर्ण बरी झाली. एकादशीला ती आता दूध घेते, फळं खाते. पाण्याचा पहिला घोट मात्र ती लगेच पीत नाही. पेला हातात धरून क्षणभर डोळे मिटते. मीही मिटतो. मागण्यासारखं काही उरलेलं नसतं. आपल्या वाट्याची तहान कुणीतरी सोसली, एवढंच मनात असतं.