डोमाजीचं नाव

हे मी बायकोलेबी सांगितलं नाई. तुम्हाले सांगतो — अन् सांगतानाबी मनात येतेच, हा माणूस चारचौघात बोलला तर? माहा स्वभावच तसा. दूधवाला पाणी घालते, जावई गोड बोलते म्हंजे काहीतरी मागाचं असन. जल्मभर मास्तरकी केली. पोट्टं खरं बोललं तरी मले खोटंच वाटे.

आमचं गाव हिंगणीच्या अंगाले, जंगलाले लागून. इंग्रजाच्या राज्यात जंगल सत्याग्रह झाला, तवा गावचे लोक विळे घेऊन सरकारी जंगलात घुसले, मूठमूठ गवत कापलं अन् जेलात गेले. त्यात माहे आजोबा. चारच दिवसात सुटून आले, बायांनी वेशीवर ओवाळलं. चारच दिवसात काऊन? एवढा संशयी मी — पण हे कधी विचारलं नाई. नवलच आहे नं?

पंचायतीनं सत्याग्रह्यांच्या नावाची पाटी लावाचं ठरवलं. यादी कराले गुरुजी. म्हंजे मी.

तवा पंचायतीच्या बैठकीत कौसल्यामावशी आली. बौद्धपुऱ्यातली म्हातारी, मजुरीत हाडं झिजलेली. "गुरुजी, माह्या सासऱ्याचंबी नाव घ्या नं. डोमाजी. तेबी गवत कापाले गेलते. लय दिवस जेलात होते."

"कागद आहे का, मावशी?"

"कागद कुठचा जी? सासूनं सांगतलं मले."

कागदाशिवाय कसं घेणार, म्हटलं. उद्या सारा गावच म्हणन, आमचाबी आजा गेलता! पंचायनं होकाराच्या माना हलवल्या. ती गेली.

कागद होता — बोलूनच टाकतो आता. आजोबाच्या पेटीत, त्याच सकाळी सापडलेला. त्यायच्या माफीनाम्याची नक्कल. 'डोमाजीने चिथावल्यामुळे मी जंगलात गेलो, हुजुरांनी क्षमा करावी.' खाली सही. डोमाजी गेलते, साऱ्यांच्या म्होरं गेलते, याचा गावातला एकुलता एक पुरावा म्हंजे माह्या आजोबाची चुगली. मावशीले कागद मागतला, तवा तो माह्या खिशात होता. घरी येऊन मी तो पाणी तापवाच्या बंबात घातला.

पाटी लागली. पंधरा ऑगस्टले वारस म्हणून नारळ मीच फोडतो. मावशी दरसाल येते, मागं उभी राह्यते, माह्याकडंच पाह्यते. तिले माहीत आहे का? कोणी सांगतलं असन? का सासूनंच? नारळ फोडतानाबी माही नजर तिच्यावर.

यंदा ती सरळ माह्याजवळ आली. झालं, म्हटलं — आता साऱ्यांसमोर बोलते. तिले वाचता येत नाई. पाटीवर हात ठेवून म्हणे, "एकडाव वाचून दाखवा नं, गुरुजी. आमच्या सासऱ्याच्या संगतीचे कोण कोण होते ते?"

मी वाचलं. पहिलंच नाव आजोबाचं. तिनं डोक्यावर पदर घेतला अन् त्या नावाले हात जोडले.

मी पुढचं नाव वाचलं.