थोरल्या भावोजींचा उपास

आमचे थोरले भावोजी कुणाला ‘तब्येत कशी आहे’ असं कधी विचारत नसत. ते थेट पोट विचारत. पेडण्याच्या बाजारात त्यांचं किराणा मालाचं दुकान होतं. गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत आतून आवाज यायचा, “पोट साफ जालां मरे?” तलाठी असो, भटजी असो, सुटका कुणाचीच नव्हती. उत्तर मिळाल्याशिवाय तराजू हलत नसे. ज्यांना सवय झाली होती ते खुशाल उत्तर देत, आणि वर न विचारलेले दोन तपशीलही पुरवत.

माझं लग्न झालं ते गोवा राज्य झालं त्या वर्षी. माझे वडील डिचोलीला मराठी शाळेत मास्तर. बोलणं मोजकं, शर्टाचं गळ्याचं बटण कायम लावलेलं. लग्नाच्या पंगतीत माझे हे मोठे दीर त्यांच्यापुढे वाकून म्हणाले, “मास्तर, पोट साफ जाता मू? जेवचे आदीं विचारलेलां बरां.” पंगत हसली. वडील पानाकडे बघत राहिले. मी मुंडावळ्यांआड लाजेने अर्धमेली झाले. आमच्या घरी या विषयाला शब्दच नव्हता. कुणाचं पोट बिघडलं तर ‘त्याला बरं नाही’ एवढंच म्हणत. आता जन्मभर ह्या माणसाच्या घरात राहायचं आहे, ह्या विचाराने मी पानातला भात नुसता चिवडत राहिले.

माझ्याशी मात्र ते बोलतच नसत. थोरला दीर आणि धाकटी भावजय यांच्यातली जुनी रीत त्या घरात अजून चालू होती. माजघरात यायचं असलं की ते दाराबाहेर खाकरत, आणि मी पदर सावरून बाजूला व्हायची. काही सांगायचं असलं तर मी समोर उभी असतानाही जाऊबाईंना सांगत, “तिका सांग, नाल्ल हाडल्यात.” नारळ माझ्या पायाशी पडलेले असत. मला ही रीत सोयीची वाटायची. सगळ्या तालुक्याला विचारून झालेला प्रश्न मला विचारला जाणार नाही, याची तीच तर हमी होती.

दुकानदार म्हणून त्यांना कुणी शहाणं म्हटलं नसतं. बिस्किटांचा पुडा मागणाऱ्या बाईला ते पुडा देण्याआधी तिच्या मुलाची जीभ बघत. रंगीत सरबताच्या बाटल्या कंपनीचा माणूस ठेवून जायचा, आणि हे गिऱ्हाइकाला सांगायचे की घेऊ नका, आतडी रंगतील. सकाळी दहा-अकराला दुकानाच्या मागच्या बाजूला बसून पेज जेवत. उकड्या तांदळाची पेज, सोबत लोणच्याची फोड. तेवढा वेळ पंतप्रधान आले तरी थांबावं लागलं असतं. “तोंडाक फटोवंक जाता, पोटाक ना,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य; तोंडाला फसवता येतं, पोटाला नाही. दुकानाच्या बाकावर मराठी की कोंकणी यावरून माणसं हातघाईवर यायची, तेव्हा हे तराजूआडून म्हणत, “खंयचीय भास उलयात. पेज जिरली ना जाल्यार दोनूय भाशांनी कुंथचां पडटलां.” मग भांडणारे आधी त्यांच्यावर चिडत आणि मग हसत. घरी हे ऐकलं की मी कपाळाला हात लावायची.

पुढे पुष्कळ वर्षांनी, मोप्याच्या सड्यावर विमानतळ येणार येणार म्हणून नुसतीच चर्चा चालू होती त्या काळात, माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. जखम चिघळली, म्हणून भारी औषधं दिली. जखम बरी झाली आणि पोट गेलं. जुलाब थांबेनात. गोळ्या घेतल्या की चार दिवस आराम, गोळ्या संपल्या की पुन्हा तेच. अंगावरची पोलकी खांद्यावरून घसरायला लागली. कुठे लग्नाला जाणं नाही, देवळात जाणं नाही, बसमध्ये बसायची छाती होईना. एकदा बाजारात जे व्हायला नको ते झालं. मी साडी गच्च धरून भिंतीला टेकून उभी राहिले आणि रिक्षा मिळेपर्यंत देवाजवळ मरण मागितलं.

आमचा संडास मागच्या पडवीच्या टोकाला. पडवीत भावोजींची वोल्तेर असायची, लांब हातांची ती जुनी आरामखुर्ची. दुपारची झोप त्यांनी आयुष्यभर तिच्यातच काढलेली. मी दिवसभरात किती वेळा त्यांच्यासमोरून जाणार? एके दिवशी बघितलं तर पडवी रिकामी. वोल्तेर त्यांनी पुढच्या व्हरांड्यात नेऊन ठेवली होती. तिथे भर दुपारचं ऊन यायचं. जाऊबाईंनी कारण विचारलं तर म्हणाले, मागे वारा लागतो.

शेवटी पणजीकडच्या एका डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून नीट समजावलं. औषधांनी पोटातले वाईट जंतू मेले, तसे चांगलेही मेले; आणि मोकळ्या शेतात तण माजावं तसा एक दुष्ट जंतू माजलाय. आता नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही. निरोगी माणसाची विष्ठा घेऊन, गाळून, नळीने माझ्या आतड्यात सोडायची, म्हणजे त्याचे चांगले जंतू माझ्या पोटात रुजतील. त्या हे अगदी शांतपणे सांगत होत्या आणि मी टेबलाखाली बोटं मोडत होते. त्याआधी अंगात बळ यावं म्हणून नाकातून नळी घालून पोषण द्यायचं ठरलं. पण देणारा कोण? नवऱ्याला साखर आणि पित्ताच्या गोळ्या, तो बाद. मुलगा जहाजावर. माझ्या सख्ख्या भावाने फोनवर ऐकून घेतलं, आणि ‘बघतो’ म्हणाला. तो अजून बघतो आहे.

भावोजी दुसऱ्या दिवशी खोलीच्या दाराबाहेर येऊन खाकरले. आत आले नाहीत. “तिका सांग,” ते जाऊबाईंना म्हणाले, “हांव आसां.” मी आहे, एवढंच. मी भिंतीकडे तोंड करून रडले. मरण बरं, पण हे नको, असं मला मनापासून वाटत होतं. ज्यांच्यासमोर मी कधी धड उभी राहिले नव्हते, त्यांचं हे असलं घ्यायचं? जाऊबाई माझ्या केसांतून हात फिरवत म्हणाल्या, “मरशी जाल्यार लज घेवन खंय वतलें?” मेल्यावर ही लाज मी कुठे नेणार होते? मी होकाराची मान हलवली.

सगळ्या तपासण्यांत भावोजी उत्तीर्ण झाले. डॉक्टरीणबाईंनी त्यांचं वय बघून आधी नाक मुरडलं होतं. अहवाल आल्यावर त्याच म्हणाल्या की असं पोट आजकाल तरुणांचंही नसतं. ठरलेल्या दिवशी सकाळी त्यांनी रुग्णालयात येऊन ताजं द्यायचं होतं. मला आदल्या दिवशी औषध पाजून आतडी धुऊन काढली. मी चिपाडासारखी कॉटवर पडून वाट बघत होते.

तास झाला, दीड तास झाला. बाहेर नवऱ्याचा दबका आवाज, मग नर्सचा. भावोजी संडासातून रिकामं भांडं घेऊन बाहेर आले होते. उभ्या जन्मात त्यांची सकाळ कधी चुकली नव्हती, ती नेमकी आज चुकली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काल काय खाल्लं? भावोजी म्हणाले, कांयच ना. परवा? परवाही नाही. त्यांनी देवीच्या देवळात जाऊन कौल घेतला होता. पाकळी उजवी पडली, म्हणजे देवीचा होकार. एका जीवासाठी काही द्यायचं तर शुद्ध होऊन द्यायला हवं, म्हणून त्यांनी नुसत्या पाण्यावर कडकडीत उपास धरला होता. ज्या माणसाने जगाला पोटाचं गणित शिकवलं, त्याला हे सुचलं नाही की आत काही गेलं नाही तर बाहेर काय येणार!

नवरा सांगतो, त्यांचं तोंड बघवत नव्हतं. नर्स हसल्या, त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, पण भावोजी भांडं पंच्याखाली झाकून कोपऱ्यात उभे राहिले. “देवीन उजवो कौल दिलो,” ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मला हसू आलं नाही. पुन्हा आतडी धुण्याइतकं बळ माझ्यात उरलंय की नाही, हे डॉक्टरीणबाईही सांगत नव्हत्या.

दोन दिवस माझं नळीचं पोषण वाढवलं, आणि तिकडे जाऊबाईंनी भावोजींना देवीची क्षमा मागायला लावून समोर बसून पेज जेवायला घातली. ते जेवत नव्हते, गिळत होते म्हणे. तिसऱ्या सकाळी काम झालं. नर्सने मला नंतर सांगितलं की भांडं नव्या धुवट पंच्यात गुंडाळलेलं होतं, आणि झाकणावर तुळशीचं पान ठेवलेलं होतं. पान बाजूला काढताना तिला क्षणभर काय करावं कळेना. तिने ते टोपलीत टाकलं नाही, खिडकीत ठेवलं.

मी बरी झाले. आठवड्यात जुलाब थांबले, महिन्यात पेजेवरून भातावर आले. उकडे तांदूळ भावोजींच्या दुकानातून यायचे, खडे निवडून. लोक विचारत, कसा गुण आला? नवरा म्हणायचा, नवीन औषध निघालंय. आणि कुणाच्या मूळव्याधीची बातमीही ज्यांच्या पोटात राहत नसे, ते भावोजी यावर अवाक्षर बोलले नाहीत. दुकानात नाही, घरात नाही. उलट ते मला आणखीच टाळू लागले. चतुर्थीला मी वाढायला आले की त्यांची मान पानात. मीही त्यांच्या पानाशी घाईने वाढायची. ज्याने जीव वाचवला त्याच्याकडे बघायची लाज वाटावी, ह्याचीही मला लाज वाटायची. अशी दोन लाजाळू माणसं एका छपराखाली वर्षानुवर्षं राहिली.

मग त्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्यांचा मुलगा पर्वरीहून शनिवारी येई. एरवी सगळं जाऊबाई करत. एका सकाळी जाऊबाई औषधं आणायला गेल्या होत्या, आणि खोलीतून वास आला. मी दारात उभी राहिले. खाकरायची रीत त्यांची होती, माझी नव्हती. मी नुसतीच आत गेले. त्यांनी मला बघितलं आणि चालत्या हाताने तोंड झाकून घेतलं. घशातून जो आवाज निघाला त्यात शब्द नव्हता, पण ‘जा’ एवढं कळत होतं.

लग्न झाल्यापासून मी त्यांच्याशी समोरासमोर कधी बोलले नव्हते. गरम पाण्याचं घमेलं खाली ठेवलं आणि बोलले. “भावोजी, तुमचें घेवन हांव जिती आसां. म्हाका तुमची किळस कशी येतली?”

हात तोंडावर तसाच राहिला. मी फडका पिळला. मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं, पण मी तिथून हलले नाही. थोड्या वेळाने त्यांनी हात खाली घेतला. माझ्याकडे बघितलं नाही, छताकडे बघत राहिले. आणि खालची चादर मला काढता यावी म्हणून त्यांनी आपली चालती बाजू रेटून कंबर जमेल तेवढी वर उचलली.